क्लेम नाकारला? पत्र नीट वाचा

शस्त्रक्रिया झाली, बिल भरलं आणि विमा कंपनीचं पत्र आलं: ‘आजार पूर्वीपासूनचा, दावा नामंजूर.’ अनेक जण इथेच हात टेकतात. टेकू नका.

दावा नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कलम सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. ते कलम आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून वाचा. पुष्कळदा सगळा घोळ एका ओळीत असतो. भरतीच्या धावपळीत नातेवाईक ‘शुगर बरीच वर्षं आहे’ असं सांगून जातात आणि केसपेपरवर तसंच उतरतं. जुने रिपोर्ट वेगळं सांगत असतील, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या. शिवाय पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. हा नियम मुद्दाम लिहून ठेवा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोग आहेच. मात्र तक्रार आधीच आयोगात किंवा न्यायालयात नेलेली असेल, तर लोकपाल ती घेत नाहीत. तेव्हा क्रम चुकवू नका.