दहा हजार फुटांवरचं इंजिन

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून मोटरसायकली घेऊन लडाखला जाणारी मंडळी आता बहुतेकांच्या ओळखीत असतात. त्यांना विचारा, खारदुंग लाच्या चढावर गाडीचं काय होतं. घरी कधी तक्रार न करणारं इंजिन तिथे खालच्या गिअरमध्येही ओढत नाही. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर काळा धूर सोडत कशीबशी वर जाते. बिघाड काहीच झालेला नसतो. साडेसतरा हजार फुटांवर हवाच विरळ असते. टाकीत पेट्रोल भरपूर असतं, पण ते जाळायला लागणारा प्राणवायू सिलिंडरला पुरेसा मिळत नाही.

नेमकी हीच अडचण अमेरिकेच्या रॉकी पर्वतात दर हिवाळ्यात स्नोमोबाइल चालवणाऱ्यांना भेडसावते. स्नोमोबाइल आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गुलमर्गला गेलेल्यांनी पर्यटकांना बर्फावरून फिरवणारी गाडी पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे फिरता रबरी पट्टा. क्वेबेकमधल्या वालकूर गावचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ साली बर्फामुळे दवाखान्यात नेता न आल्याने दगावला. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचा ध्यास त्यांना आधीपासूनच होता, त्यानंतर तो सुटला नाही. १९५९ साली त्यांच्या कंपनीने ‘स्की-डू’ ही एका-दोघांची हलकी गाडी बाजारात आणली आणि उत्तर अमेरिकेचा हिवाळा बदलला.

आज मी बोलणार आहे ती मात्र डोंगरातली स्नोमोबाइल. तिकडे बोलताना तिला ‘स्लेड’ म्हणतात. तिचा पट्टा लांब असतो, १५४ ते १६५ इंचांचा, आणि त्यावर अडीच-तीन इंच उंचीची रबरी पाती असतात, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात पकड मिळावी म्हणून. दोन सिलिंडरचं साडेआठशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन समुद्रसपाटीला सुमारे १६५ अश्वशक्ती देतं. पण समुद्रसपाटीला ही गाडी चालवतोच कोण? आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. मोंटानातलं वेस्ट यलोस्टोन हे स्लेडवाल्यांचं आवडतं गावच ६,६०० फुटांच्या वर वसलेलं आहे, आणि गाडी खाली उतरवून ते निघतात ते तिथून आणखी वर.

समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पाउंड असतो. दहा हजार फुटांवर तो १०.१ उरतो. ढोबळ हिशेब असा की दर हजार फुटांमागे इंजिन तीन टक्के शक्ती गमावतं. म्हणजे १६५ अश्वशक्तीचं इंजिन वर पोचेपर्यंत ११५-१२० वर येतं. जिथे बर्फ सर्वांत खोल, चढ सर्वांत उभा आणि शक्तीची गरज सर्वांत मोठी, तिथेच ती तीस टक्क्यांनी घटलेली असते.

यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची कसोटीही याच पर्वतरांगेत झाली. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंटमध्ये मांडली. पुढे पहिल्या महायुद्धात विमानं उंच गेली की त्यांची इंजिनं दुबळी पडत. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी शिखरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर त्याने ३५६ दिली. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. टर्बोचं मूळ काम काय, ते त्या तीन आकड्यांत स्वच्छ दिसतं. डोंगराने घेतलेली हवा इंजिनाला परत मिळवून देणं, हे ते काम.

स्लेडला टर्बो किट बसवणाऱ्याने हा हिशेब डोक्यात पक्का ठेवला तर निम्म्या चुका टळतात. दहा हजार फुटांवर चौरस इंचाला साधारण साडेचार पाउंडांचा जादा दाब, म्हणजे बूस्ट, दिला की इंजिनाला समुद्रसपाटीची हवा मिळाली. त्याच्या पुढचा प्रत्येक पाउंड त्या इंजिनाच्या मूळ आखणीत नव्हता. आठ पाउंडांवर चढावात जी मजा येते ती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तिची किंमत पिस्टन मोजतो.

आता प्रत्यक्ष काम. बंद खोक्यातून किट येतं तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या गोगलगाईच्या आकाराच्या चकचकीत टर्बोवर खिळतात. मी इंजिनांच्या कामात आयुष्य घालवलं आहे, आणि आयडाहोतल्या वास्तव्यात ही किट बसताना जवळून पाहिली आहेत. माझं मत असं की टर्बो हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. सायलेन्सर काढला की त्या जागी तो बसतो. जागा बदलून चालत नाही, कारण टू-स्ट्रोक इंजिनाचा तो फुगीर एक्झॉस्ट पाइप निव्वळ धूर नेत नाही. धुराच्या दाबाची लाट त्यात आपटून मागे फिरते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलते. ती लाट बिघडू नये म्हणून टर्बो त्या पाइपच्या नंतरच लावायचा.

मग प्रश्न येतो तेलाचा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला सतत तेल हवं. कारच्या इंजिनात दाबाखाली फिरणारं तेल असतं, त्यातलाच एक फाटा टर्बोला देता येतो. टू-स्ट्रोकमध्ये तसं फिरतं तेलच नाही, जे जातं ते पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणून काही किटमध्ये टर्बोसाठी वेगळी टाकी आणि पंप असतो, तर काही टर्बो स्वतःच्या पोटात तेल बाळगतात. बसवताना ही नळी कुठून जाते, कशाला घासते, थंडीत कडक होऊन कुठे दुमडते, यावर वेळ घालवावा. घाईत कडेला बांधून टाकलेली नळी उणे वीस अंशांत हमखास आपला राग काढते.

हवेच्या नळ्या जोडून झाल्या की गळती तपासायची. मूळ एअरबॉक्स हवा आत ओढण्यासाठी केलेला असतो, दाब सहन करण्यासाठी नव्हे. त्याचे सांधे बंद करावे लागतात किंवा किटबरोबरचा नवा बॉक्स घ्यावा लागतो. थोडा दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे चुका दाखवतात. शिवाय टर्बो तापून लाल होतो आणि जवळच प्लास्टिकचं बॉनेट, वायरिंग, ब्रेकची नळी असते. उष्णतारोधक पट्ट्या गुंडाळण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलेली गाडी मी तरी कुणाला रानात नेऊ देणार नाही.

खरी कसोटी इंधनाची. जादा हवेला जादा पेट्रोल लागतं, आणि तेही त्याच क्षणी. बूस्ट एक पाउंड वाढला तर इंधनाचा दाबही एक पाउंड वाढला पाहिजे, नाहीतर इंजेक्टरच्या तोंडाशी हवाच पेट्रोलला अडवते. म्हणून दाबाची जाण असलेला रेग्युलेटर, मोठा पंप, कधी दोन जादा इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर. मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की ज्वलन भरकटतं, इंजिन नॉक करतं आणि पिस्टनच्या माथ्याला काही सेकंदांत भोक पडतं. पंपावर मिळणारं सर्वांत वरचं पेट्रोल त्या राज्यांत सहसा ९१ ऑक्टेनचं असतं. जास्त बूस्ट हवा असेल तर त्यात शर्यतीचं महागडं इंधन मिसळावं लागतं, किंवा सिलिंडरचं हेड बदलून कॉम्प्रेशन उतरवावं लागतं. धुरातला प्राणवायू मोजणारं मीटर हँडलजवळ लावणं काहींना चैन वाटते. मला ती या किटमधली पहिली गरज वाटते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. दहा हजार फुटांवर आठ पाउंड बूस्ट ठेवला तर इंजिनाला एकूण अठरा पाउंडांच्या आसपास दाब मिळतो. तीच गाडी तोच बूस्ट ठेवून पाच हजार फुटांवर चालवली तर बाहेरच्या हवेचेच १२.२ पाउंड असतात, आणि बेरीज वीसच्या वर जाते. वर नीट चाललेली स्लेड खाली दरीत परतताना फुटते ती यामुळे. बाहेरचा दाब ओळखून बूस्ट आपोआप कमी करणारा कंट्रोलर असेल तर उत्तम. नसेल तर उतरण्याआधी हाताने कमी करायचा.

इंजिनाची शक्ती पट्ट्यापर्यंत पोचते ती क्लचमधून. आपल्या ॲक्टिवामध्ये गिअर नसतात, दोन पुल्यांमधला बेल्ट वरखाली सरकून वेगाचं प्रमाण बदलतो. स्लेडमध्येही तत्त्व तेच, फक्त शक्ती कितीतरी पट. पहिल्या पुलीतली वजनं अशी निवडलेली असतात की इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपास टिकून राहावं, कारण टू-स्ट्रोकचा जोर फेऱ्यांच्या त्या अरुंद टप्प्यातच असतो. टर्बोने शक्ती वाढली आणि वजनं जुनीच राहिली तर इंजिन त्या टप्प्याच्या वर पळतं, आवाज मोठा होतो आणि गाडी पुढे जात नाही. वजनं, स्प्रिंग, मागच्या पुलीतली तिरकी खाच, ही जुळवणी करताना चालवून पाहायचं, आकडे लिहायचे, थोडं बदलायचं, पुन्हा चालवायचं. या कामाला घाई चालत नाही.

हे सगळं नको असेल तर आता दुसरा रस्ता आहे. बोंबार्दिए यांच्या परंपरेतल्या बीआरपी कंपनीने २०१९ साली कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक स्लेड जाहीर केली, जी आठ हजार फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवते. दोन वर्षांनी पोलारिसनेही तसं इंजिन आणलं. नव्या माणसाने तीच घ्यावी असं मी सांगेन. किट त्याच्यासाठी आहे ज्याला स्वतःच्या हाताने मोजायला, उघडायला आणि पुन्हा जोडायला आवडतं, आणि जो कंपनीच्या वॉरंटीवर पाणी सोडायला तयार आहे.

चालवण्याचं तंत्रही बदलतं. अंगठ्याने थ्रॉटल दाबल्यावर बूस्ट यायला क्षणभर लागतो. मोकळ्या उतारावर तो क्षण जाणवत नाही, झाडांच्या दाटीत जाणवतो. डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना चालक चढाच्या बाजूच्या फळीवर उभा राहतो, गाडी आपल्याकडे ओढतो आणि स्की किंचित उताराकडे वळवतो. हा तोल अंगठ्यावर चालतो. शक्ती उशिरा आणि एकदम आली तर नाक वर उचललं जातं किंवा पट्टा खाली खड्डा खणत बसतो. म्हणून वळणात थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, टर्बो फिरता राहील इतका धरून ठेवायचा. कडक झालेल्या वाटेवर जपून जायचं, कारण रेडिएटरचं काम पट्ट्याने उडवलेला सैल बर्फच करतो. आणि मोठा चढ मारून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर शांत चालू द्यायचं, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल करपतं.

शेवटच्या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. शक्ती परत मिळाली की पूर्वी अर्ध्यावर दम तोडणारी गाडी थेट कड्याखालपर्यंत पोचते. हिमस्खलनं बहुतांशी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात आणि स्लेडवाल्यांना ओढ लागते ती याच उतारांची. चढावर शक्य तितकं उंच जाऊन वळून खाली यायचं, हा खेळ अनेकांच्या जिवावर बेतला आहे. १३ मार्च २०१० रोजी ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्लेडवाल्यांचा मेळा जमला होता. वर चढणाऱ्यांच्या खेळात उतारावरचा बर्फ सुटला आणि खाली पाहत उभ्या असलेल्या गर्दीवर आला. दोघे गेले, तीसेक जखमी झाले. पाहणाऱ्यांनी काहीच धोका पत्करलेला नव्हता, ते फक्त चुकीच्या जागी उभे होते.

म्हणून उतारावर एका वेळी एकानेच जायचं. वर कुणी अडकला तर मदतीला दुसरी गाडी त्याच उतारावर न्यायची नाही. बाकीच्यांनी बाजूला, सुटकेच्या दिशेला तोंड करून थांबायचं. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा घरूनच वाचून निघायचं, कोलोरॅडो, युटा आणि कॅनडात तो रोज प्रसिद्ध होतो. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही, सोबतीच काय ते करू शकतात. शोधताना सगळी इंजिनं बंद करायची, कारण त्यांचा विजेचा गोंधळ बीकनचा, म्हणजे गाडलेल्याचा ठाव देणाऱ्या अंगावरच्या यंत्राचा, संदेश बिघडवतो. मोबाइल फोन बीकनपासून एरवी वीस सेंटिमीटर आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर लांब ठेवायचा. आणि बीकन अंगावरच्या पट्ट्यात बांधायचा, फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायचे, गाडीच्या डिकीत नाही, कारण स्खलनात गाडी आणि माणूस बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.