सम्यक स्मृती आणि आपला शेजार

(वर्षावास समाप्ती व विहाराचा वर्धापनदिन या संयुक्त कार्यक्रमात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. माईकसमोर एकच माणूस उभा असला तरी हे बोलणे रविवारच्या अभ्यास बैठकीला बसणाऱ्या सगळ्यांचे मिळून आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. बैठकीत बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे आहेत, इंदापूरहून एसटीने येणारे आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, आणि डोळ्यांना दिसत नाही तरी शेवटपर्यंत ऐकत बसणाऱ्या आजीही आहेत. चुकले-माकले तर ते सगळ्यांचे समजा.

या वर्षावासात आम्ही अष्टांगिक मार्गातले सातवे अंग घेतले, सम्यक स्मृती. पहिल्याच दिवशी गंमत झाली. फळ्यावर 'स्मृती' हा शब्द लिहिला आणि एक आजी म्हणाल्या, "ती तर बाबासाहेबांनी जाळली ना महाडला? मग परत कशाला वाचायची?" सगळे हसले. पण आजींचे बरोबरच होते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली, तेव्हापासून आपल्या घरांत हा शब्द चांगल्या अर्थाने आलाच नाही. म्हणून सांगावे लागले की ही स्मृती वेगळी. पालीत तिला 'सति' म्हणतात. आपण आत्ता काय करतोय, काय बोलतोय, मनात काय चाललेय, याचे भान.

महासतिपट्ठान सुत्त हे दीघनिकायातले मोठे सुत्त. नाव ऐकून वाटते की हे भिक्खूंचे काम, आपल्याला कुठे वेळ! पण त्यात सांगितलेय काय? चालताना चालतोय हे कळावे. जेवताना, पिताना, हात आखडताना, पसरताना, इतकेच काय, शौचाला गेल्यावरसुद्धा भान असावे. म्हणजे सगळी रोजचीच कामे की हो! गॅसवर दूध ठेवून मोबाईल बघत बसलो आणि दूध उतू गेले, हा काही दुधाचा दोष नव्हे.

त्याच सुत्तात मनाविषयीही आहे. मनात द्वेष असला तर द्वेष आहे हे ओळखावे, नसला तर नाही हे ओळखावे. आमच्यातल्या एका कामगार बंधूंनी हे फार प्रांजळपणे सांगितले. पाळीवर साहेब ओरडला, त्याला उलट बोलता येत नाही. घरी आले, पोराने वहीवर चहा सांडला, आणि पोराला कानफटात बसली. ते म्हणाले, "ती चापट साहेबाची होती, पोराला उगाच मिळाली." आता ते दारात चप्पल काढताना क्षणभर थांबतात. आज आपण रागात आहोत का, एवढेच स्वतःला विचारतात. राग जातोच असे नाही. पण आहे हे कळले की हात लगेच उठत नाही. आम्हाला तरी वर्षावासातले सगळ्यात मोलाचे शिकणे हेच वाटले.

पैशाचेही तसेच. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला संसाराचा हिशेबच सांगितलाय. मिळकतीचे चार भाग करावेत, एक भाग खायला-प्यायला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीला शिल्लक. आम्ही ठरवले, एक महिना वहीत खर्च लिहायचा. सहा घरांनी लिहिला. एका घरात तंबाखूच्या पुड्या आणि रिचार्ज यांची बेरीज दुधाच्या बिलाच्या वर गेली. त्या घरच्या वहिनींनी वही मिटली आणि नवऱ्याकडे नुसते बघितले! एप्रिलमधल्या डीजेचाही हिशेब आम्ही मांडला होता. तरुण पोरांनो, रागावू नका, तो आज इथे वाचत नाही, तुमच्या मंडळाकडे दिलाय.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्याआधी भगवंतांनी सांगितलेली एक गोष्ट सांगायला हवी. ती संयुत्तनिकायात आहे. एक डोंबारी होता आणि त्याची एक शिष्या. डोंबारी बांबू उभा करायचा आणि शिष्येने वर चढून त्याच्या खांद्यावर उभे राहायचे. गुरू म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल. शिष्या म्हणाली, तसे नाही, तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळते. भगवंतांनी शिष्येचे बरोबर ठरवले. पण पुढे ते असेही म्हणाले, की स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो. दुसऱ्याला राखायचे कशाने? क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने, कणवेने. एवढी मोठी शिकवण देताना दाखला कुणाचा घेतला, तर गावकुसाबाहेरच्या डोंबाऱ्याचा. हे वाचताना आम्हाला फार बरे वाटले. आणि मग गेल्या गळीत हंगामातली गोष्ट आठवली, तेव्हा मान खाली गेली.

आपला हा मुलूख उसाचा. भाटघरचे पाणी नीरा डाव्या कालव्याने आले, खाली इंदापूरच्या अंगाला उजनीचे पाणी आले, आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर असे कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला माणसे मात्र लांबून येतात, बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून. दिवाळीच्या पुढेमागे टायरगाड्यांचे तांडे आपण दरवर्षी रस्त्याला बघतो. बघतो म्हणजे हॉर्न वाजवून पुढे जातो.

मागच्या हंगामात एक टोळी आमच्या वस्तीच्या पलीकडच्या रिकाम्या रानात उतरली. दोन दिवसांत कोप्या उभ्या राहिल्या, बांबू, पाचट आणि वरून प्लास्टिक. बायका घागरी घेऊन आमच्या समाजमंदिरामागच्या नळावर यायला लागल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कुजबूज सुरू झाली. नळापाशी चिखल होतो. पाणी पुरत नाही. ही कुठली माणसं, काय भरवसा. आणि एका सकाळी नळाच्या खोक्याला कुलूप दिसले.

कुलूप कुणी लावले हे विचारू नका. आमच्यातल्याच एकाने लावले, आणि लावताना आमच्यातले चौघे तिथे उभे होते. कोणी काही बोलले नाही. पाणी खरेच कमी होते, तासभरच येते, हे कारण खोटे नव्हते. पण कारण खरे असले म्हणून केलेले बरोबर ठरत नाही.

त्या संध्याकाळी टोळीतली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, कडेवर भाऊ, आमच्या आजींच्या दारात पाणी मागायला आली. आजींनी तांब्या पुढे केला. मुलीने तांब्या घेतला नाही. पायरीच्या खाली दोन हात लांब उभी राहिली, भावाला खाली ठेवले, आणि ओंजळ पुढे केली. वरून ओता म्हणून.

आजी सांगत होत्या, "मला दिसत नाही नीट, पण ती ओंजळ मला दिसली. माझी आई तशीच उभी राहायची." आजी तिला म्हणाल्या, "अगं बाय, तांब्या हातात घे. तोंडाला लाव."

मग आजी रविवारी बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं भाषण करता. मग कुलूप कुणी लावलं?"

बैठकीत कोणी बोलेना. बाहेर कुत्रं भुंकत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी कुलूप निघाले. खरे काम त्यानंतरच सुरू झाले. आमच्यातले तिघे कोप्यांवर गेले, पहिल्यांदाच. तिथे कळले की नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. बाईचे नाव वेगळे लिहीत नाहीत, मजुरी जोडीची, टनावर. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे चारला फडात जायचे, म्हणून तान्ही पोरे मोठ्या पोरीकडे. आजारी पडले तर खाडा. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांवरून २०१९ साली शासनाने चौकशी समिती नेमली, हे आपण पेपरात वाचले होते. कोपीत बसून ऐकताना ते वेगळे वाटते.

सिगालोवाद सुत्ताचा पुढचा भाग तेव्हा आम्ही पुन्हा काढून वाचला. कामकऱ्यांशी कसे वागावे, तर झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सांभाळावे, घरातला गोडधोड घास वाटून खावा, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे बोलणे आहे हे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी उपासकांच्या विनयात मालक आणि सेवक यांची ही कर्तव्ये मुद्दाम घातली आहेत. आता आपल्यातल्याही काहींनी पाण्याखालची एकर-दोन एकर जमीन केलीय, ऊस लावलाय. त्यांचे म्हणणे, टोळ्या खुशाली मागतात, अडवून धरतात. तेही खरे आहे, आम्ही नाकारत नाही. पण ही पाच कर्तव्ये वाचताना आता आपणही मालकाच्या बाजूला बसलोय, हे ध्यानात आले. आपल्या घरातली माणसे १९७२ च्या दुष्काळात जिरायत पट्ट्यात खडी फोडत होती. एवढ्यात विसरलो?

मुलांच्या शाळेचे काय झाले ते सांगतो, कारण त्यात यशही आहे आणि अपयशही. कोप्यांवर शाळेच्या वयाची सात मुले होती. आम्ही शाळेत गेलो. आधी उत्तर मिळाले, दाखला नाही, वर्ष अर्धे झाले, कसे घेणार. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाच्या पुराव्याअभावी सहा ते चौदा वयाच्या मुलाला नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मध्येही घ्यावे लागते. ते कलम छापून नेले. भांडण न करता टेबलावर ठेवले आणि बसून राहिलो. चार मुले बसली. तिघे नाहीच आली. चारातली दोन पुन्हा सुटली, कारण घरी तान्हे कोण बघणार? ओंजळवाली मुलगी त्या दोघांतली. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी मग तिच्या भावाला अंगणवाडीत घेतले, तेव्हा ती परत शाळेत जायला लागली. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी गेली. जाताना ताईंनी तिच्या वडिलांना सांगितले, गावाकडच्या शाळेत शिक्षण हमी कार्ड मागा, म्हणजे पुढच्या हंगामात इथे अडणार नाही. त्यांनी मागितले का, आम्हाला माहीत नाही.

सातांतली तीन मुले टिकली. बैठकीत कोणी म्हणाले, एवढ्याने काय होणार. बुद्धाचा धम्म म्हणजे दुःखाचे रडगाणे, असा आक्षेप पूर्वीपासून घेतात. बाबासाहेबांनी तो ग्रंथाच्या प्रस्तावनेतच मांडलाय, आणि पुढे पहिल्या प्रवचनाच्या भागात दाखवलेय की दुःख आहे हे मान्य करणे हा निम्मा भाग झाला, ते दूर करण्याचा मार्ग सांगणे हा दुसरा. डॉक्टरने ताप आहे म्हटले म्हणून तो काही निराशावादी होत नाही. आम्ही आशावादी आहोत ते या अर्थाने. ताप आहे, तीन गोळ्या मिळाल्यात, बाकीच्या शोधतोय.

आता थोडक्यात कामाचे. पंधरा-वीस दिवसांत टोळ्या यायला लागतील. नळाला तासभरच पाणी येणार, त्यात काही फरक पडलेला नाही. म्हणून बैठकीने असे सुचवलेय की वर्धापनदिनाच्या जेवणातून आणि फलकांतून वाचलेल्या रकमेत भर घालून समाजमंदिरामागे एक पाण्याची टाकी बसवावी, दुपारी भरावी, आणि फडातून माणसे परतल्यावर संध्याकाळी अर्धा तास खुली ठेवावी. कमिटीतल्या दोघांचा याला विरोध आहे. ते इथेच बसलेत, आणि त्यांचे म्हणणेही आज ऐकायचे आहे. जेवणाआधी हात वर करून निर्णय घेऊ. आधी जेवलो तर निम्मी माणसे उठून जातील, दरवर्षीचा अनुभव आहे!

दुसरे असे, की अंगणवाडीच्या ताईंना सकाळी मदतीला दोन मुली हव्यात. कॉलेजला जाणाऱ्यांपैकी कोणी तयार असेल तर नाव द्यावे.

नळाच्या कुलपाची चावी सध्या आजींकडे आहे. त्या परत द्यायला तयार नाहीत.

नमो बुद्धाय. जयभीम.