क्लब कोणाचा?



या व्यासपीठावर एरवी मोठी विद्वान मंडळी येतात. माझ्यासारख्याला चालकांनी बोलावले, तेव्हा मी त्यांना प्रथमच सांगून टाकले की माझी शाळा सातवीत सुटली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील साचेखात्यात होते. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटात जी पुस्तके सापडली त्यांवर झाले. तेव्हा बोलण्यात कोठे खडबडीतपणा आला तर तो त्या कपाटाचा दोष समजावा.

विषय फुटबॉलचा आहे, हे पाहून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. कामगारांच्या माणसाने बोनसवर बोलावे, फुटबॉलवर कशाला? त्याचे कारण सांगतो. आमच्या कचेरीत संध्याकाळी चार-पाच तरुण कामगार येतात. त्यांतले तिघे मँचेस्टर युनायटेडचे भक्त. भक्त हाच शब्द योग्य, कारण मध्यरात्रीपर्यंत जागून मॅच बघायची आणि सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचे, हे भक्तीशिवाय होत नाही. त्यांचा रोजचा वाद तीन प्रश्नांवर चालतो. आपला क्लब अजून मोठा आहे की नाही? मालक गेले पाहिजेत की नाही? आणि पुढचा मॅनेजर कोण? पहिल्या प्रश्नावर आवाज चढतात. तिसऱ्यावर टेबल बडवले जाते. दुसऱ्यावर मात्र दोन शिव्या हासडून मंडळी पुन्हा तिसऱ्याकडे वळतात. हे ऐकता ऐकता मला वाटले की हा वाद मी पूर्वी कोठे तरी ऐकला आहे. म्हणून मी वाचायला लागलो.

हा क्लब रेल्वे कामगारांनी काढलेला आहे, हे आमच्या पोरांना ठाऊक नव्हते. १८७८ साली मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागात लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यातल्या माणसांनी तो सुरू केला. तेव्हाचे सदरे हिरवे आणि सोनेरी. लाल रंग पुढचा. १९०२ साली क्लब कर्जात बुडाला आणि कोर्टाने गुंडाळण्याचा हुकूम काढला. तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस नावाचा बियरचा कारखानदार पुढे आला, आणखी काही जणांनी पैसे घातले, आणि क्लबचे नाव बदलून मँचेस्टर युनायटेड झाले. कप्तानाचा हरवलेला कुत्रा डेव्हिसला सापडला आणि त्यातून ओळख झाली, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, गोड आहे. १९३१ साली पुन्हा तीच गत झाली. नाताळाच्या तोंडावर खेळाडूंचा पगार द्यायला पैसा नव्हता. या वेळी जेम्स गिब्सन या कपडे तयार करणाऱ्या कारखानदाराने स्वतःचे २,००० पौंड घालून पगार भागवले. म्हणजे मालक हा प्राणी मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. गिब्सनने खिशातून काढून क्लबात घातले. पैसा कोणत्या दिशेने वाहतो, एवढेच बघायचे असते.

आता माझ्या खास आवडीची हकीकत. इंग्लंडात १९०१ पासून खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा अधिक वेतन द्यायचे नाही, असा नियम होता. क्लब बदलायचा तर जुन्या क्लबची परवानगी हवी. १९०७ च्या २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडू जमले आणि त्यांनी युनियन स्थापन केली. पुढाकार होता युनायटेडच्याच बिली मेरेडिथ आणि चार्ली रॉबर्ट्स यांचा. मेरेडिथ पोरवयात वेल्सच्या कोळशाच्या खाणीत राबलेला. १९०९ साली फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढले : युनियनचा राजीनामा द्या, नाहीतर बंदी. देशभरच्या खेळाडूंनी माना टाकल्या. युनायटेडच्या संघाने नकार दिला. हा संघ साधासुधा नव्हता. १९०८ ला लीग आणि १९०९ ला कप जिंकलेला. क्लबने त्यांना आत येऊ दिले नाही, तेव्हा ते दुसऱ्या मैदानावर सराव करू लागले. एक छायाचित्रकार आला, तर एका पाटीवर ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब’ अशा अर्थाचे नाव लिहून ती पुढे ठेवून ते दिमाखात बसले. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. एव्हर्टनचा टिम कोलमन त्यांना येऊन मिळाला. मग इतरांनाही धीर आला, आणि हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर असोसिएशनला युनियन मान्य करावी लागली. मात्र इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी संबंध तोडण्याची अट घातली गेली. तडजोड अशीच असते. आम्हीही अशा केल्या आहेत. वेतनाची ती कमाल मर्यादा जायला १९६१ साल उजाडले. तेव्हा ती २० पौंडांवर आली होती.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्यातला एक पोरगा म्हणाला, “काका, ही तुमची लाइन झाली. आमचा क्लब मोठा झाला तो बझ्बी आणि फर्ग्युसन यांच्यामुळे.” त्याचे म्हणणे खोटे नाही. मॅट बझ्बी १९४५ साली आला तेव्हा मैदानावर जर्मन बॉम्ब पडलेले होते आणि क्लब शेजाऱ्यांच्या मैदानावर खेळत होता. त्याने पोरांचा संघ उभा केला. १९५८ च्या ६ फेब्रुवारीला म्यूनिकला विमान पडले. २३ माणसे दगावली, त्यांत ८ खेळाडू. दहा वर्षांनी, १९६८ साली, त्याच बझ्बीच्या संघाने युरोपचा कप जिंकला. जिंकण्यापेक्षा पुन्हा उभे राहण्याने क्लब लोकांच्या मनात बसला, असे मला वाटते. मोठेपणाचा हिशेब कपाटातल्या चषकांवर करणाऱ्यांना सांगतो की १९७४ साली हाच क्लब खालच्या वर्गात गेला होता आणि लोक तरीही मैदान भरीत होते. लिव्हरपूलने २०२५ साली विसावी लीग जिंकून युनायटेडची बरोबरी केली, म्हणून आमच्या कचेरीत दोन दिवस सुतक होते. बरोबरी झाली तर झाली.

मॅनेजरचा प्रश्न मात्र हलका नाही. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात आला. तीन वर्षे काही हाती लागेना. १९८९ च्या डिसेंबरात प्रेक्षकांतून त्याला निरोप देणारा फलक फडकला. आज असता तर त्याला तेव्हाच घालवले असते. १९९० चा कप आला, १९९३ ला २६ वर्षांनी लीग आली, आणि २०१३ साली निवृत्त होईपर्यंत त्याने १३ लीग आणि युरोपचे २ मोठे चषक मिळवून दिले. त्यानंतर २०२४ पर्यंत, हंगामी धरले नाहीत तरी, सहा मॅनेजर नेमले गेले : मॉयस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शेअर, टेन हाग, अमोरिम. सहाही जण मूर्ख होते काय? एखाद्या खात्यात सहा मुकादम बदलून माल सुधारत नसेल तर कारखान्याचे यंत्र बघावे लागते.

आणि म्हणून दुसरा प्रश्न, जो आमची पोरे शिवी देऊन सोडतात. १९९१ साली क्लबचे शेअर लंडनच्या बाजारात आले. १९९८ साली रूपर्ट मर्डॉकच्या टेलिव्हिजन कंपनीने ६२ कोटी ३० लाख पौंडांना क्लब मागितला. संचालक राजी होते. प्रेक्षक नव्हते. ज्यांच्याजवळ दोन-चार शेअर होते त्यांनी संघटना बांधली, सरकारकडे पुरावे मांडले, आणि १९९९ च्या एप्रिलात सरकारने सौदा रोखला. हा लहान विजय नव्हे. पण २००५ साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने शेअर गोळा करून क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना ताब्यात घेतला. त्यातला फार मोठा भाग कर्जाचा, आणि कर्जाचा बोजा क्लबावरच. ही युक्ती समजून घ्यावी. समजा, एकाने चाळ विकत घेतली. पैसे कोठून आणले? तीच चाळ गहाण टाकून. व्याज कोण भरणार? भाडेकरू, वाढीव भाड्यातून. आणि मालक म्हणून पाटी कोणाची? त्याची. कर्जमुक्त असलेला क्लब एका दिवसात कर्जबाजारी झाला, आणि तेव्हापासून व्याज, शुल्के आणि लाभांश यांपायी बाहेर गेलेली रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर आहे. २०१२ साली न्यू यॉर्कच्या बाजारात शेअर विकले ते अशा बेताने की कुटुंबाच्या एका शेअरला दहा मते आणि इतरांच्या एका शेअरला एक.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका इंजिनियरिंगच्या कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे नाव सांगत नाही. मालक बदलला आणि नवा वर्क्स मॅनेजर येणार अशी वार्ता आली. महिनाभर खात्याखात्यांतून चर्चा : कोण येणार, कडक की मऊ, आपल्या भागातला की बाहेरचा. मीही त्यात होतो. गेटवर सभा घेऊन त्याला हार घातला तो मीच. त्या महिन्यात नव्या मालकाने यंत्रे बँकेकडे गहाण टाकून रक्कम दुसऱ्या धंद्यात वळवली, याची कोणी चौकशी केली नाही. मीही केली नाही. पुढे पगार थांबला तेव्हा कळले. मॅनेजर माणूस भला होता. त्याचाही तीन महिन्यांचा पगार बुडाला. ताळेबंद वाचायला मी त्यानंतर शिकलो, आणि ते आधी शिकायला हवे होते, हे त्या १८० घरांना मी आजही सांगू शकत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत जिम रॅटक्लिफ या उद्योगपतीने क्लबचा चौथ्यापेक्षा थोडा अधिक हिस्सा घेतला आणि खेळाचा कारभार आपल्याकडे घेतला. जन्माने तो न्यूटन हीथच्या शेजारच्या फेल्सवर्थचा, म्हणून अनेकांना आनंद झाला. आपल्या भागातला! त्या वर्षी २५० च्या आसपास नोकऱ्या गेल्या. २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे जाणार असे जाहीर झाले, आणि मैदानावरच्या कर्मचाऱ्यांचे फुकट दुपारचे जेवण बंद करून फळे देऊ केली. याच सुमारास एका मॅनेजरला आधी करार वाढवून देऊन चार महिन्यांत घालवले, त्याला आणि त्याच्या सहायकांना एक कोटी पौंडांहून अधिक भरपाई मोजली. कँटीनमधली डाळ किती पातळ झाली यावरून कंपनीची तब्येत ओळखता येते, असे आमचे एक जुने कार्यकर्ते म्हणत. तेथे डाळ नसेल, सूप असेल.

मग प्रेक्षकांनी काय केले? काहींनी २०१० साली न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी पंचे गळ्यात घातले. मैदान हिरवे-सोनेरी दिसले, तिकिटे मात्र खपतच राहिली. २०२१ च्या एप्रिलात बारा धनिक क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढली तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि ती दोन-तीन दिवसांत कोसळली. पण मला सर्वांत आवडलेली चाल लिव्हरपूलवाल्यांची आहे, आमच्या पोरांना राग आला तरी. २०१६ साली मालकांनी तिकीट ७७ पौंडांवर न्यायचे ठरवले, तेव्हा ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. संघ दोन गोलांनी पुढे होता. ते गेल्यावर सामना बरोबरीत सुटला! चार दिवसांत मालकांनी माघार घेतली. हत्यार खाली ठेवण्याचे हे शहाणपण कोणा युनियनवाल्यानेच शिकवले असावे, अशी माझी आपली समजूत.

आणि काहींनी २००५ सालीच घर सोडले. त्यांनी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. एका सभासदाला एक मत, मग त्याने किती का पैसे घालेना. सुरुवात दहाव्या पायरीवरून. २०१५ साली मॉस्टन भागात, न्यूटन हीथच्या शेजारी, स्वतःचे मैदान बांधले. सहाव्या पायरीपर्यंत चढले, तेथून २०१९ ला खाली आले. त्यांच्यातही भांडणे झाली. सहकारी साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्या आपल्यासारख्यांना याचे नवल वाटू नये. सभासदांची मालकी म्हणजे रामराज्य, असे कोणी समजू नये. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हे सभासदांचेच क्लब, आणि सुपर लीगमध्ये तेच आघाडीवर होते. जर्मनीत बहुतेक क्लबांत अर्ध्याहून एक अधिक मत सभासदांच्या हाती ठेवावे लागते. तेथेही वाद आहेत. फरक एवढाच की वाद सभेत घालता येतो आणि शेवटी हात वर करता येतो. इंग्लंडात २०२५ साली कायदा होऊन फुटबॉलवर स्वतंत्र नियामक आला. मालक होऊ पाहणाऱ्याची तपासणी तो करील. शेजारच्या बरीचा १८८५ सालचा क्लब एका पौंडाला विकला गेला आणि २०१९ साली लीगबाहेर फेकला गेला, त्यानंतर ही जाग आली.

मागच्या आठवड्यात मी आमच्या पोरांना विचारले, तुमच्या क्लबात कोणाला किती मते? एकाने फोनवर शोधून दहाला एक हे मोठ्याने वाचले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दुसरा म्हणाला, “ते ठीक आहे काका, पण मॅनेजर कोण आणायचा?” आणि पुन्हा टेबल बडवणे सुरू झाले. या रविवारी त्यांनी मला त्यांच्याबरोबर मॅच बघायला बोलावले आहे. रात्री उशिराची आहे, तरी मी जाणार आहे.