गवताचा विसांवा

गाय आणि गवत यांचें नातें मनुष्याच्या शेतीहूनही जुनें आहे. तथापि गाईनें गवत खावें कसें, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार अलीकडचाच होय. उघडें पडलेलें कुरण दिसलें म्हणजे ‘गुरें फार झालीं’ असा निवाडा कोणीही सहज देतो. हा निवाडा अगदींच खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. हें ज्यांनीं साधार दाखवून दिलें त्यांत आंद्रे व्वाझँ या फ्रेंच गृहस्थांचें नांव अग्रभागीं येतें.

व्वाझँ यांचा जन्म १९०३ सालचा. रसायनाचें शिक्षण घेतलेले हे गृहस्थ नॉर्मंडी प्रांतांत स्वतःची शेती करीत, आणि कुरणांत उभे राहून गाई कशा चरतात हें फार बारकाईनें पाहत. त्या निरीक्षणाचें सार त्यांच्या १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत आहे.

तें सार समजण्यास गवताचा स्वभाव जाणला पाहिजे. पान हें गवताचें स्वयंपाकघर होय. तें गाईनें तोडलें कीं रोपाला मुळांत व बुडख्यांत सांठविलेल्या शिदोरीवर नवें पान काढावें लागतें. आरंभीं ही वाढ मंद असते. पानें पसरलीं म्हणजे ती जोर धरते. पुढें फुलोरा येऊं लागला म्हणजे पुन्हा मंदावते आणि गवत निबर होतें. शिदोरी भरून निघण्यापूर्वींच त्याला पुन्हा तोंड लागलें, तर मुळें आंखडतात, रोप खंगतें, जमीन उघडी पडते, आणि पावसाचें पाणी मुरण्याऐवजीं माती घेऊन धांवूं लागतें.

म्हणून व्वाझँ यांचा मुख्य सिद्धांत असा, कीं कुरणाचा नाश गुरांच्या संख्येपेक्षां काळाच्या चुकीनें अधिक होतो. एक गाय शंभर दिवस एकाच तुकड्यांत राहिली तर तेंच कोवळें गवत ती पुनः पुनः खाईल. शंभर गाई एक दिवस चरून पुढें गेल्या तर तेंच गवत पुन्हा उभें राहील. याकरितां कुरणाचे तुकडे पाडावे, एका तुकड्यांत गुरें थोडेच दिवस ठेवावीं, आणि मग त्यास पुरता विसांवा द्यावा.

नॉर्मंडींत मे-जून महिन्यांत हा विसांवा सुमारें १८ दिवसांचा, तर ऑगस्ट-सप्टेंबरांत सुमारें ३६ दिवसांचा लागतो. गुरें प्रत्येक तुकड्यांत तीन दिवस राहिलीं असें धरलें, तर ३६ दिवसांच्या विसांव्यास १२ तुकडे मोकळे व एक चरता, मिळून १३ तुकडे हवेत. १८ दिवसांच्या काळांत सातच पुरतात. उरलेल्या तुकड्यांतलें गवत कापून वाळवावें, म्हणजे हिंवाळ्याची वैरण होते. चतुर शेतकरी मात्र पंचांग पाहून नव्हे, तर गवताची वाढ पाहून गुरें हलवितो.

यांतील लाभ उघड आहे. गाय आपली वैरण स्वतःच कापते, आणि तिचें शेणमूत गाडीभाड्यावांचून जमिनीस मिळतें. विकत घ्यावयाची पेंड व खत जितकें कमी होईल तितकी शिल्लक शेतकऱ्याच्या पदरांत पडते. जमिनीस मुळांचा व शेणाचा कस मिळून ती भुसभुशीत राहते.

संख्येलाच दोष दिल्यानें केवढा अनर्थ होतो, याचें उदाहरण आफ्रिकेंत घडलें. ॲलन सेव्हरी हे त्या वेळच्या ऱ्होडेशियांत, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंत, वन्यप्राण्यांच्या रक्षणाचें काम करीत. राखीव वनांतील गवत नष्ट होत असल्याचें पाहून हत्ती फार झाले असा निष्कर्ष त्यांनीं काढला. सरकारनें तो मानला, आणि पुढील काळांत सुमारें ४०,००० हत्ती मारले गेले. जमीन सुधारली नाहीं. ती अधिकच बिघडली. ही आपल्या आयुष्यांतील घोर चूक होय, असें सेव्हरी यांनीं पुढें जाहीरपणें कबूल केलें. व्वाझँ यांच्या ग्रंथापासून बोध घेऊन त्यांनीं नियोजित चराईची पद्धति बसविली.

परंतु वैद्याचें औषध गुणकारी ठरलें म्हणून तें सर्व रोगांवर चालत नाहीं. या पद्धतीनें वाळवंटेंही हिरवीं होतील, या सेव्हरी यांच्या दाव्यास अनेक शास्त्रज्ञ मान्यता देत नाहींत. कोरड्या माळरानांवरील प्रयोगांत फेरपालटीची चराई ही सततच्या चराईहून नियमानें सरस ठरत नाहीं, असें २००८ सालच्या एका शास्त्रीय समालोचनांत दिसून आलें. ओल, माती आणि गुरांची एकंदर संख्या यांकडे डोळेझांक करून चालत नाहीं.

तुकडे पाडणें स्वतःच्या कुरणांत सोपें. सर्वांच्या सामाईक गायरानांत एकानें गुरें आवरलीं तर दुसरा सोडतो. तेथें विसांवा द्यावयाचा तर सगळ्या गांवाचा शब्द लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें १९९० नंतर असा शब्द दिला व पाळला. मोकाट चराई बंद केली, आणि गवत कापून गोठ्यांत नेण्याचा नियम केला. पाणलोटाच्या कामांची जोड मिळून उजाड डोंगर पुन्हा गवतानें झांकले, आणि गांवचें दूधही वाढलें.

नॉर्मंडीचें कुंपण आणि हिवरे बाजारचा ठराव यांची रीत निराळी, पण मर्म एकच. गवत खाणाऱ्या तोंडाला जितका मान, तितकाच ज्या मुळानें पुन्हा उगवावयाचें त्यालाही अवकाश मिळाला पाहिजे.