पीक, जिवाणू आणि पॉलीअमाइने
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कृषी विस्तार कर्मचारी यांच्या मेळाव्यातील भाषण)



‘पॉलीअमाइन’ हा शब्द आपणांपैकी अनेकांना अपरिचित असेल. परंतु त्याचे कार्य आपल्या शेतात सतत चालू असते. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरतात, वांग्याचे हिरवेगार झाड एकाएकी मान टाकते, घेवड्याच्या पानांवर तांबेरा पसरतो. या तिन्ही घटनांत या द्रव्यांचा वाटा आहे.

पॉलीअमाइने म्हणजे लहान रेणूंची नत्रयुक्त सेंद्रिय द्रव्ये. प्युट्रेसीन, स्पर्मिडीन व स्पर्मीन ही त्यांतील प्रमुख होत. बर्लिनचे वैद्य लुडविग ब्रिगर यांनी १८८५ मध्ये कुजणाऱ्या मांसातून प्युट्रेसीन ओळखले. कुजण्याशी जोडलेले हे नाव कायम राहिले असले, तरी वनस्पतीच्या जिवंत पेशींनाही वाढीसाठी ही द्रव्ये आवश्यक असतात.

मैत्री आणि संरक्षण

द्विदल पिकांच्या मूळगाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. या गाठींत पॉलीअमाइनांचे प्रमाण भरपूर आढळते. होमोस्पर्मिडीन हे त्यांतील एक द्रव्य तर या जिवाणूंचे वैशिष्ट्यच मानले जाते.

रोगजंतू आला की हीच द्रव्ये शस्त्र बनतात. प्रतिकारक्षम तंबाखूत मोझॅक विषाणू शिरला, तर पेशींबाहेरील पोकळीत स्पर्मीन साठते. विकरे त्याचे विघटन करतात व हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. रोगाच्या जागेभोवतीच्या पेशी स्वतः मरतात आणि विषाणूची वाट अडवतात.

शत्रूचा डाव

मात्र शत्रूही हे शस्त्र वापरतो. टोमॅटो व वांगी यांवर मर रोग आणणारा राल्स्टोनिया जिवाणू जलवाहिन्यांत शिरून स्वतः प्युट्रेसीन तयार करतो. इतकेच नव्हे, तर पेशीत एक प्रथिन सोडून तो वनस्पतीकडूनही ते अधिक तयार करवून घेतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पानांना आधी प्युट्रेसीन दिलेल्या टोमॅटोच्या झाडांत मर अधिक वेगाने आली. ज्या द्रव्याने पीक वाढते, त्यानेच रोगही बळावला.

उलट, हा धागा तोडून रोग रोखताही येतो. बहुतेक बुरशींजवळ प्युट्रेसीन बनवण्याचा एकच मार्ग असतो. बहुसंख्य पिकांजवळ दोन असतात. एम. व्ही. राजम, एल. एच. वाइनस्टाइन आणि ए. डब्ल्यू. गॅल्स्टन यांनी १९८५ मध्ये बुरशीचा तो एकमेव मार्ग बंद करणारे रसायन घेवड्याच्या पानांवर फवारले, आणि तांबेरा रोखला गेला. अर्थात हा हरितगृहातील प्रयोग होता. ती शेतासाठी केलेली शिफारस नव्हे.

आपले कर्तव्य

जैव-उत्तेजकांच्या बाटल्या आज गावोगावच्या दुकानांत दिसतात. २०२१ मध्ये केंद्र शासनाने त्यांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले. म्हणून खरेदीपूर्वी वेष्टनावरील घटक व परवान्याचा तपशील वाचावा आणि पावती घ्यावी. परंतु त्याआधीचा प्रश्न असा, की पिकाला झाले आहे काय? निदानावाचून केलेला उपचार शेतकऱ्याचा पैसाही घालवतो आणि हंगामही.

हे निदान अंशतः शाळेतही करता येईल. मर लागलेल्या झाडाचे खोड बुंध्याजवळ कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टांगावा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे तंतू खाली उतरू लागले, तर रोग जिवाणूजन्य आहे असे समजावे. तेथे बुरशीनाशकाचा उपयोग नाही. रोगट झाडे उपटून नष्ट करावीत, त्या वाफ्याचे पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नये, पुढील हंगामात तृणधान्य घ्यावे आणि प्रतिकारक्षम वाण निवडावा. पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. म्हणून हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही, पंचायतीचेही आहे.

कडधान्यांच्या पेरणीपूर्वी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम योग्य रायझोबियम जिवाणू संवर्धक सावलीत चोळावे. मित्र जिवाणू मुळांपर्यंत पोहोचविण्याचा हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

मातीतील सर्वच जीव आपले शत्रू नाहीत आणि प्रत्येक पोषक द्रव्य सर्वकाळ हितकारक नसते. ही ओळख गावात रुजविण्याचे काम आपण शिक्षक, सदस्य आणि कर्मचारी मिळून कराल, असा मला विश्वास वाटतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!