आधीं शक्तीचा हिशेब, मग खरेदी



हिंगोली जिल्ह्यांत हळदीचे पैसे हातीं आले, कीं घरोघर खरेदीच्या गोष्टी निघतात. त्यांत आतां संगणकाचीही भर पडली आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथें गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल 2023 मध्यें मान्यता दिली. तिचा अंदाजी खर्च 2600 कोटी रुपयांचा आहे. अशा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास भारी गणितें वा सजीव चित्रें घरींच करून पाहावीं असें वाटलें, तर नवल नाहीं. त्यासाठीं ग्राफिक्स कार्ड हवें असतें. मुलगा तें मागतो, वडील पैसे देतात, कार्ड बसतें. आणि काम ऐन भरांत असतांना संगणक एकाएकीं बंद पडतो. दोष कार्डाच्या माथीं मारला जातो. पुष्कळदां खरा दोषी असतो तो पेटीच्या कोपऱ्यांतला पॉवर सप्लाय.

विहिरींत पाणी किती, हें पाहिल्यावांचून शहाणा शेतकरी मोठा पंप बसवीत नाहीं. येथेंही तोच न्याय आहे. पॉवर सप्लाय भिंतींतील 230 व्होल्टचा उलटसुलट प्रवाह घेऊन संगणकास 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरवितो. कार्ड व प्रोसेसर यांची मुख्य भूक 12 व्होल्टची असते. म्हणून लेबलावरील ठळक आंकड्यास भुलूं नये. 12 व्होल्टच्या रकान्यांत किती अँपिअर लिहिले आहेत, तें पाहावें व त्यास 12 नीं गुणावें. समजा, लेबलावर 450 असा आंकडा आहे, पण त्या रकान्यांत 18 अँपिअरच आहेत. मग हातीं आले 216 वॅट!

आतां मागणी मोजूं. आरटीएक्स 3060 हें कार्ड 170 वॅट घेतें. प्रोसेसर जोरांत असतां 120 आणि बाकी सर्व भागांस 60 धरले, तर बेरीज 350 होते. जुना सप्लाय येथें उणा पडला. शिवाय कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते आणि सप्लायही वयोमानानें थकतो. म्हणून बेरजेवर तिसरा हिस्सा तरी शिलकीस ठेवावा. या कार्डाकरितां निर्माता 550 वॅटचा सप्लाय सुचवितो, तो याच कारणानें. आपल्याकडील उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. तेव्हां पेटींतील धूळ झाडणें व वारा खेळता ठेवणें हेंही हिशेबांतच धरावें.

दुसरी गोष्ट जोडण्यांची. मदरबोर्डाची खांच कार्डास 75 वॅट देऊं शकते. सहा खिळ्यांची जोडणी आणखी 75 आणि आठ खिळ्यांची 150. कार्डास लागणारी जोडणी सप्लायला मुळांतच नसेल, तर स्वस्त जोडतारांनीं ती उणीव भरून काढूं नये. तारा तापतात व वितळतात.

तिसरी गोष्ट यूपीएसची. वीज वारंवार जाते तेथें हा घरोघर असतो. पण 600 व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा 360 वॅटच पेलतो. संगणकास 350 वॅट द्यावयाचे, तर शेंकडा 85 कार्यक्षमतेचा सप्लाय भिंतींतून सुमारें 412 वॅट ओढतो. म्हणजे सप्लाय नवा घेतला, तरी ऐन कामाच्या वेळीं वीज गेली, कीं यूपीएस हात टेकणार.

मग उपाय काय? पैसे बेताचेच असतील, तर आधीं चांगला सप्लाय घ्यावा व कार्डास पुढील हंगामाची वाट पाहूं द्यावी. किंवा जादा जोडणीवांचून 75 वॅटमध्यें चालणारें लहान कार्ड निवडावें. बेरीज मात्र त्याकरितांही पुन्हां करावी. आणि सप्लायची पेटी घरीं कधींही उघडूं नये. तार काढल्यावरही तिच्या आंत वीज सांठून राहते.

हा हिशेब कागदावर मांडावयास पांच मिनिटें पुरतात. घामाच्या पैशानें आणलेली वस्तु पहिल्याच आठवड्यांत बंद पडूं नये आणि मुलाचा हुरूपही तिच्याबरोबर मावळूं नये, यासाठीं एवढा वेळ खचित कांहीं जास्त नव्हे.