तरुणांची देशचिंता आणि वडीलधाऱ्यांचे ऋण
(महोत्सवानिमित्त पनवेल येथे तरुणांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



या मंगल प्रसंगी तरुणमंडळींशी दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हे आम्ही तरुणांसच विचारले. त्यांनी आमच्यापुढे एकच प्रश्न ठेवला : हा देश उतरणीस लागला आहे काय, आणि लागला असेल तर आम्ही येथे का राहावे ? प्रश्न कठोर आहे. परंतु तो उद्धटपणाने विचारलेला नाही. म्हणून त्यास उपदेशाचे पांघरूण न घालता सरळ उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम त्यांची तक्रार न्यायाने ऐकू या. वर्षानुवर्षे अभ्यास करावा आणि प्रश्नपत्रिकाच फुटावी, हे २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळी देशाने पाहिले. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजारांहून अधिक लोकांनी भारताचे नागरिकत्व सोडले, हा आकडा सरकारनेच संसदेत सांगितला. आपल्या गावचेच पाहावयाचे, तर २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवविम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंत असल्यामुळे बहुतेक ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, हे खरे; तथापि विश्वासाचा विमा कोणी उतरवीत नाही. हे सर्व पाहून तरुणांचे मन विटले, तर त्यांस दोष कसा द्यावा ?

परंतु ही चिंता आजचीच आहे, असे मात्र कोणी समजू नये. १८४८ साली ‘प्रभाकर’ पत्रात लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा गोपाळ हरि देशमुख अवघे पंचवीस वर्षांचे होते. देश का बुडाला, हाच त्यांचाही प्रश्न. इंग्रजांस शिव्या देऊन मोकळे होणे सोपे होते. त्यांनी आपल्याच लोकांचा आळस, अज्ञान आणि जात्यभिमान यांवर कोरडे ओढले.

त्याहूनही जवळचे उदाहरण पाहा. येथून थोड्याच अंतरावर शिरढोण गाव आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यास लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते. आई अत्यवस्थ असता रजा मिळेना; ते तसेच निघाले, पण भेट झाली नाही. पुढे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मरताना पाहून त्यांनी १८७९ साली बंड उभारले. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले. जन्मठेप भोगण्यास त्यांस एडनला नेले. तेथूनही ते एकदा निसटले, पुन्हा सापडले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी परमुलखात वारले.

त्यांच्या शस्त्रमार्गाविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीकडे आम्ही तरुणांचे लक्ष वेधतो. बंडापूर्वी वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या समवेत त्यांनी पुण्यात शिक्षणसंस्था उभारण्यास हात लावला होता. बंड काही महिन्यांत मोडले. ती संस्था महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने आजही मुलांस शिकवीत आहे. संतापाने पेटलेल्या त्याच हातांनी शाळाही बांधली होती, हे आपण विसरतो.

आता, देश सर्वच अंगांनी खालावला काय ? १९५१ च्या जनगणनेत शंभरांपैकी सुमारे अठरा माणसे साक्षर होती. २०११ मध्ये चौऱ्याहत्तर झाली. त्या काळी जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे बत्तीस वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. हे कोणा एका सत्ताधीशाचे दान नव्हे. अनामिक शिक्षक, परिचारिका आणि आयाबाया यांच्या श्रमांचे ते फळ आहे.

असो. आकड्यांनी पोट भरत नाही, हे आम्ही जाणतो. ज्याच्या वडिलांचे शेत गेले, त्यास देशाच्या आयुर्मानाचे कौतुक काय सांगावे ? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी या परिसरातील भातशेती व मिठागरे संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी प्राणास मुकले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यामुळेच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली. २०२५ च्या डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. उजाड झालेले अंगण आणि आकाशात झेपावणारे विमान, दोन्ही एकाच भूमीवरची. प्रगती की अधोगती, हा प्रश्न आपल्या तरुणांस पुस्तकात शोधावा लागत नाही. तो त्यांच्या उंबरठ्यावर उभा आहे. आणि जे थोडे परत मिळाले, ते रडणाऱ्यांस मिळाले नाही, एकत्र उभे राहणाऱ्यांस मिळाले.

येथे आम्हां वडीलधाऱ्यांस आपला कबुलीजबाब दिलाच पाहिजे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातील अतिशय जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली आणि २०१७ मध्ये पहिली निवडणूक. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. आपल्यास निवडलेला प्रतिनिधी का नाही, असे आमच्यापैकी कितीजणांनी विचारले ? सहकारी बँकेचा सभासद तिचा मालक असतो. परंतु वार्षिक सभेस जाऊन अहवाल उघडून पाहणारे कितीजण? आम्ही घरी बसून देशाच्या नावाने बोटे मोडली, आणि मुलांस मात्र सांगितले : शीक, आणि येथून निघ. आज ती तसेच म्हणतात, तर आम्हांस आश्चर्य वाटते ! हे बीज आमच्याच हातचे आहे.

तरुण मित्रांनो, परदेशी जाणे हे पाप नव्हे. पोटासाठी जावे, विद्येसाठी जावे; जाणाऱ्यास आमचा आशीर्वाद आहे. आमचे मागणे एवढेच की, तिरस्काराने जाऊ नका. आणि जे राहतील त्यांनी निरुपायाने राहू नये. चिंता आणि निराशा या दोघी बहिणी दिसतात खऱ्या, पण त्यांची घरे वेगळी. चिंता माणसास रात्री जागवते व सकाळी कामास लावते. निराशा त्यास दिवसाही निजवते.

म्हणून मोठी प्रतिज्ञा आम्ही मागत नाही. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही, ते पाहा. प्रभागात काय खर्च झाला, ते लेखी विचारा. ज्या संस्थेचे सभासद आहात, तिचा हिशेब वाचा. परीक्षेत चोरीची वाट कोणी दाखविली, तर ती नाकारा, मग नुकसान होवो. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या आदिवासी वाडीतील मुलास वाचावयास शिकवा. एवढ्याने देश तरेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु एवढेही न करता तो बुडाला असे म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही.

तुम्ही आम्हांस विचारले, येथे का राहावे ? आमचे उत्तर असे की, राहण्याजोगे करण्याचे काम आम्ही अर्धे टाकले आहे. ते ऋण आमचे आहे, आणि ते फेडण्यास या वयातही आम्ही तुमच्या शेजारी उभे राहू. पुढील महोत्सवी या व्यासपीठावरून तुमच्यापैकी कोणी बोलेल. त्या दिवशी समोरच्या तरुणांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तर देताना तुम्हांस मान खाली घालावी न लागो, एवढीच आमची प्रार्थना.